नवी बीएस-६ पिकअप : घेण्याआधी बॉनेट उघडून काय काय बघायचं?

मोंढा_ते_मार्केट
जालना ते छत्रपती संभाजीनगर मोसंबी, परतीला किराणा अशी लाईन आहे. दीड टनाची नवी डिझेल पिकअप बघायलोय. शोरूमवाले मायलेज, हौद्याची लांबी, हप्ता सगळं सांगायलेत, पण इंजिनावर काम करायला सोपं का अवघड, ते कुणी सांगेना. जुन्या गाडीला गावातला मिस्त्री पुरायचा. नव्या बीएस-६ ला (धुराचा नवा कडक नियम पाळणारी गाडी) आपल्या हातानं काय होतं, गॅरेजात काय होतं आणि कंपनीच्या वर्कशॉपशिवाय काय होत नाही? कोणती गाडी घ्यावी यावर भांडू नका, इंजिन कसं तपासायचं तेवढं सांगा.

पाना_१३
चालवून बघण्याआधी अर्धा तास इंजिनाला द्या. सेल्समनला सांगा, बॉनेट उघड, सीट उचल, मी हात घालून बघणार. नाही म्हणत नाहीत.

पहिला फरक बनावटीचा. बोलेरो पिकअप, योद्धा या नाकाड्या गाड्या. इंजिन पुढं बॉनेटखाली, दोन्ही बाजूंनी वाकून काम होतं. सपाट तोंडाच्या गाडीत इंजिन सीटखाली. हौदा लांब मिळतो, मोंढ्याच्या गर्दीत वळायला बरी, पण सीट आणि झाकण काढल्याशिवाय वरचं काही दिसत नाही आणि राहिलेलं अर्धं काम गाडीखाली झोपून. सवय झाली की पाच मिनिटांत सीट निघते. फक्त झाकणाची रबर पट्टी दर वेळी नीट बसली पाहिजे, नाहीतर एप्रिल-मेमध्ये केबिनची भट्टी होते.

मग मोबाईलची बॅटरी लावा आणि या जागा शोधा. ऑईल फिल्टर कुठं आहे आणि कोणत्या तोंडानं लावलाय? डब्याचा फिल्टर बूड खाली आणि तोंड वर असा लटकत असेल तर काढताना ऑईल फारसं सांडत नाही. आडवा असेल तर खाली काय येतं ते बघा. सेल्फ किंवा अल्टरनेटर असेल तर दर सर्व्हिसला त्याच्यावर ऑईल पडणार, तिथं कापड कोंबायची सवय मिस्त्रीला लावावी लागेल. आत कागदी काडतूस असलेला फिल्टर असेल तर वरच्या झाकणाला मोठी गोटी (सॉकेट) लागते आणि ओ-रिंग दर वेळी नवी. ती ओ-रिंग फिल्टरच्या खोक्यातच येते, पण जुनीच परत लावणारे बहाद्दर आहेत.

चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट मागं तोंड करून आहे का खाली, आणि सोडल्यावर धार थेट भांड्यात पडेल का मधल्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर), हेही बघा. हसू येईल, पण क्रॉस मेंबरवर साचलेलं ऑईल पुढचे आठ दिवस ठिबकतं आणि माणूस लीकेज शोधत बसतो.

कॉमनरेल_लातूर
यात डिझेल फिल्टरची जागा टाका. काही गाड्यांत तो वर, केबिनच्या पत्र्याजवळ असतो. काहींत खाली चासीच्या पट्टीवर. वरचा बदलायला सोपा. खालचा चिखलात माखतो, पण पाणी सोडायची चावी उभ्या उभ्या हाताला येते. माझ्या मते पाणी सोडणं महिन्याचं काम आहे आणि फिल्टर बदलणं क्वचितचं, म्हणून खालचा असला तरी तक्रार करू नका.

फॅन बेल्टला आपोआप ताणणारा टेन्शनर आहे का बोल्टवर ताण द्यायचा आहे, ते विचारा. टायमिंगला चेन का बेल्ट? बेल्ट असेल तर किती किलोमीटरला बदलायचा ते पुस्तकातून वाचून घ्या, सेल्समनच्या तोंडून नको. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे) हायड्रॉलिक असतील तर सेटिंगची भानगड नाही. नसतील तर हेड कव्हर काढायला वरून किती पाईप सोडावे लागतात ते मोजा.

आणि ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना आतून तापवणारे प्लग. इकडं हिवाळा थोडा म्हणून त्यांच्याकडं कुणी बघत नाही, पण परभणीच्या पहाटेला लागतात. प्लग हेडमध्ये धरून बसतो आणि थंड इंजिनात जोर लावला की मोडतो. इंजिन कोमट असताना, थोडं सोडायचं, थोडं आवळायचं, असं करत काढावा.

काळीमाती
एवढं कशाला बघायचं राव. सगळ्या सारख्याच. पहिल्या महिन्यात डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी) काढून पाईप टाकायचा, ईजीआरला (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पट्टी मारायची, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग करायचं. कटकट मिटली.

पाना_१३
कटकट मिटत नाही, जागा बदलते. ईसीयू डीपीएफच्या पुढचं-मागचं प्रेशर आणि तापमान सतत बघत असतो. फिल्टर उपसला की त्याला खोटं सांगण्यासाठी मॅपिंग बदलावं लागतं, आणि ते करणाऱ्यानं मूळ फाईल जपून ठेवली नसेल तर नंतर कोणताही खरा फॉल्ट सापडत नाही. वॉरंटी जाते. आणि कायद्यानं मूळ बनावटीत असा बदल चालत नाही : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाई आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. धुराच्या कलमाखाली १०,००० पर्यंत दंड वेगळा. भाड्याची गाडी आहे, पासिंगला दर वेळी कुणाच्या पाया पडणार?

मोंढा_ते_मार्केट
काढायचा नाहीच. पण हे डीपीएफ मोंढ्याच्या लाईनला चालेल का? दिवसभर चालू-बंद, चालू-बंद.

नोझल_नांदेड
चालतं, त्याची खोड समजून घेतली तर. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमधली भाजक्या मातीची (सिरॅमिकची) जाळी. काजळी अडवते आणि भरली की जाळते. मोकळ्या रस्त्यावर, लोडवर गाडी चालली की बरीचशी काजळी आपोआप जळत राहते. नाही जळली तर ईसीयू ठरावीक भरल्यावर जास्तीचं डिझेल सोडून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. यालाच रिजनरेशन म्हणतात. ते चालू असताना आयडलिंगचे आरपीएम थोडे चढलेले असतात, फॅन उगाच फिरतो, गरम वास येतो, ताबडतोबचं मायलेज पडतं. त्या वेळी चावी बंद केली की अर्धवट राहतं. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो.

दिवा लागल्यावर करायचं एवढंच : डिझेल पाव टाकीच्या वर आहे ना बघा, दुसरा कुठला फॉल्ट दिवा नाही ना बघा, आणि गाडी मोकळ्या रस्त्याला काढा. तिसरा-चौथा गिअर, २,००० च्या वर आरपीएम, वीस मिनिटं न थांबता. तुमच्या लाईनला जालना ते बदनापूरच्या पुढपर्यंतचा रस्ता त्यालाच आहे. टॉप गिअरात १,३०० आरपीएमवर हळू चालवून काही जळत नाही, उलट भरतं. दिवा चमकायला लागला किंवा गाडीनं ताकद सोडली तर मात्र रस्त्यावर जाळायचा नाद सोडा, स्कॅनर लावून उभ्या गाडीवर करा.

वसमत_हळद
उभ्या गाडीवर करताना जागा बघा!! सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, सरकीचा कचरा खाली असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. चालू रिजनरेशनमध्ये शेतात गाडी घालून उभी करणं पण तसलंच. मुरमाची किंवा सिमेंटची जागा पाहिजे, बॉनेट उघडं, हौद्यात माल नको, आणि सायलेन्सरच्या मागं पोरंबाळं उभी नकोत.

नोझल_नांदेड
बरोबर. मळणीच्या दिवसांत गाडी खळ्यावर नेण्याआधी सायलेन्सरच्या वर, उष्णतेच्या पत्र्याच्या सापटीत काय अडकलंय ते हातानं काढून टाकावं. इंजिन थंड असताना.

काळीमाती
आणि दर दीडशे किलोमीटरला रिजनरेशन होत असेल तर? तेव्हा काढायचंच ना?

कॉमनरेल_लातूर
नाही भाऊ. तीनशे-चारशेच्या वर अंतर पडत असेल तर ठीक आहे. दीडशेला येत असेल तर डीपीएफला शिव्या देण्याआधी क्रमानं हे बघा.

एक. डीपीएफचं प्रेशर सेन्सर. त्याला दोन बारीक रबरी नळ्या असतात, एक डीपीएफच्या अलीकडून, एक पलीकडून. नळी उन्हानं तडकते, उंदीर कुरतडतो, आत ओल किंवा काजळी बसते. नळी फुटली की सेन्सर चुकीचा आकडा देतो आणि चांगला डीपीएफ भरलेला दिसतो, नाहीतर भरलेला रिकामा. इंजिन बंद, चावी चालू ठेवून स्कॅनरवर आकडा बघा, शून्याजवळ पाहिजे. नसेल तर सेन्सर किंवा नळी. दोन्ही काढून हवा मारून बघायला दहा मिनिटं लागतात.

दोन. इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज. क्लिप सैल झाली की टर्बोची हवा बाहेर जाते, इंजिनाला हवा कमी, काजळी जास्त. गाडी काळी फुंकत नाही, कारण डीपीएफ अडवतं. म्हणून बीएस-६ ला धूर बघून निदान होत नाही! जोडावर साबणाचं पाणी टाका, हेल्परला रेस द्यायला सांगा. पाईपात आतून थोडा ऑईलचा ओलावा असतो, तो चालतो. बाहेर क्लिपपाशी काळं तेलकट दिसलं तर तिथंच गळतंय.

तीन. ईजीआर उघडाच अडकला असेल. चार. एखादं नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) टिपकत असेल. आणि पाच, ऑईल चुकीचं.

हे पाचही नीट असतील तर मग डीपीएफ राखेनं भरलाय का ते विचारा. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑईलमधून येते आणि डीपीएफ उतरवून मशीनवर धुवूनच निघते. नव्या गाडीला हे लाख-दोन लाख किलोमीटरच्या पुढचं काम.

मोंढा_ते_मार्केट
ऑईलचं खुलासेवार सांगा. इथं दुकानदार म्हणायलाय, १५-डब्ल्यू-४० टाका, सगळ्या डिझेलला चालतं.

पाना_१३
दुकानदाराकडं जे पडून आहे ते चालतं. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. घट्टपणाचा आकडा वेगळा आणि दर्जा वेगळा. ५-डब्ल्यू-३० का १५-डब्ल्यू-४०, हे गाडीच्या पुस्तकात जे असेल तेच. त्याहून महत्त्वाचा दर्जा : पुस्तकात एसीईए सी३ लिहिलं असेल तर सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या आत. एपीआय सीके-४ असेल तर १ टक्क्याच्या आत. जुन्या सीआय-४ ऑईलला अशी राखेची मर्यादाच नाही, म्हणून ते डीपीएफच्या गाडीत टाकायचं नाही, कितीही भारी कंपनीचं असो.

माप पाच ते साडेसहा लिटरच्या घरात येतं, इंजिनाप्रमाणे. डबा सात लिटरचा आहे म्हणून सात ओतू नका. फिल्टरच्या रबराला नव्या ऑईलचं बोट लावा, हातानं बसवा, रबर टेकलं की पुढं पाऊण फेरा, बस. फिल्टर पान्यानं आवळला की पुढच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर आरपार घालून काढावा लागतो. ड्रेन बोल्टचं वायशर नवं. चालू करा, ऑईलचा दिवा विझला की बंद, सपाट जागेवर पाच मिनिटांनी डिपस्टिक.

नोझल_नांदेड
आणि डिपस्टिकचं उलटं गणित लक्षात ठेवा. पूर्वी आपण ऑईल कमी झालंय का बघायचो. आता वाढलंय का ते बघायचं. रिजनरेशनसाठी सोडलेल्या जास्तीच्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. रिजनरेशन अर्धवट तुटत राहिलं की उतरतच राहतं. लेव्हल वरच्या खुणेच्या पुढं गेली, काडीला डिझेलचा वास आला, ऑईल पाण्यासारखं ओघळलं, की किलोमीटर न बघता ऑईल बदला. थोडं काढून लेव्हल जुळवणं म्हणजे स्वतःला फसवणं. राहिलेलं ऑईल पातळच आहे, बेअरिंग आणि टर्बो त्याच्यावरच चालणार. लेव्हल फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून बेफाम रेस घेऊ शकतं, मग चावी काढूनही बंद होत नाही.

दर सोमवारी काडी बघा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, महिन्याभरात चढ दिसतो.

बालाघाट
धाग्यात एक धोक्याची गोष्ट राहिली. गावातल्या मिस्त्रीकडं देणार असाल तर हे त्याला आधी सांगा. जुन्या पंपाच्या गाडीला कोणतं सिलिंडर मार खातंय (नीट पेटत नाही) ते शोधायला चालू इंजिनात नोझलचा नट ढिला करायची पद्धत होती. कॉमनरेलला, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून (रेल) डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनाला, ते करायचं नाही. रेलमध्ये लोडवर १,६०० बार आणि त्याहून जास्त प्रेशर असतं, आयडलिंगलाही दोनशे-तीनशे. बारीक धार कातडीच्या आत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत हात सडतो. असं झालं तर मलमपट्टी करत बसायचं नाही, तासाभराच्या आत मोठ्या दवाखान्यात, आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं. गळती शोधतानाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

मोंढा_ते_मार्केट
मग सिलिंडर मार खातंय ते कळायचं कसं?

बालाघाट
दोन रस्ते. स्कॅनरवर प्रत्येक नोझलची करेक्शन (ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसते. एक आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा पडला की तो संशयित. दुसरा रस्ता रिटर्नचा, त्याला स्कॅनर लागत नाही. नोझलच्या रिटर्न नळ्या काढून प्रत्येकाखाली सारखी बाटली लावायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी भरली, की चौथं नोझल रिटर्न मारतंय, म्हणजे डिझेल टाकीकडं परत सोडतंय. गरम इंजिनला स्टार्ट व्हायला वेळ लागतो ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते : सेल्फवर रेलमध्ये पुरेसं प्रेशर उभंच राहत नाही आणि ईसीयू नोझलला सिग्नल देत नाही. मिस्त्री मात्र बॅटरी आणि सेल्फ बदलून बसतो.

नोझल बदललं तर खालचं तांब्याचं वायशर नवं, बसायची जागा साफ, आणि नोझलच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूत भरायचा. कोड न भरता गाडी चालू होते, पण ठोके देते. नोझलांची आपसात अदलाबदल केली तरी कोडही बदलावे लागतात.

कॉमनरेल_लातूर
याच नोझलांचं आयुष्य डिझेल फिल्टरवर आहे, म्हणून त्याचं नीट लिहितो.

पाणी : मीटरवर फिल्टरचं चित्र असलेला दिवा म्हणजे खाली पाणी साचलंय. दिव्याची वाट बघू नका, पावसाळ्यात पंधरवड्याला सोडा. इंजिन बंद, खाली काचेची बाटली, चावी ढिली, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. अर्धा पेला ते पेलाभर निघतं. बाटली दहा मिनिटं तशीच ठेवा, पाणी खाली बसतं, किती होतं ते दिसतं. दर वेळी बोटभर पाणी येत असेल तर पंप बदला किंवा घरच्या बॅरलमधून भरणं बंद करा. बॅरल उन्हात तापतं, रात्री गार होतं, आत दंव धरतं.

फिल्टर बदली : चावी बंद करून थोडं थांबा. फिल्टरच्या आजूबाजूची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा, मगच पाईप सोडा. पाईपाची तोंडं स्वच्छ पिशवीनं झाका. नवा फिल्टर डब्यातल्या डिझेलनं भरून लावू नका. ही जुनी सवय कॉमनरेलला मारते, कारण वरून ओतलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं आणि त्यातला कण थेट पंपात. कोरडा लावा. हॅण्ड प्रायमर असेल तर कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चालू, दहा सेकंद, बंद, असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची वायर जुन्या फिल्टरला असेल तर सेन्सर काढून नव्याला लावायचा राहतो, तेवढं बघा.

आणि बायोडिझेल म्हणून रस्त्याकडेला मिळणारं स्वस्त तेल. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असतं, बीएस-४ ला ५० होतं. त्या रस्त्याकडेच्या तेलात किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. लिटरमागे वाचलेले रुपये एका नोझलात जातात.

वसमत_हळद
निळ्या झाकणाच्या टाकीचं पण सांगा. काही पिकअपला आहे, काहींना नाही.

पाना_१३
काही लहान इंजिनांत नॉक्स (धुरातला विषारी वायू) धरून ठेवणारा कॅटॅलिस्ट असतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. ज्यांना एससीआर (युरियानं नॉक्स मोडणारी यंत्रणा) आहे त्यांना निळ्या झाकणाच्या टाकीत डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. डिझेलच्या तीन ते पाच टक्के खपतं. पन्नास लिटर डिझेलमागे दीड ते अडीच लिटर. संपलं तर गाडी आधी बजावते, मग ताकद कमी करते किंवा बंद केल्यावर परत चालू होऊ देत नाही.

खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाकायची अक्कल कुणी शिकवेल. त्या युरियातली घाण आणि बोअरचे क्षार पंप, नोझल, कॅटॅलिस्ट तिन्ही बसवतात. डीईएफ लोखंडी किंवा गॅल्व्हनाईजच्या भांड्यात घेऊ नका, प्लास्टिकच. इकडच्या उन्हाचा मुद्दा मोठा आहे : २५ अंशांत ठेवलेलं डीईएफ दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहा महिने. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किती असतं ते सांगायला नको. म्हणून वीस लिटरचे चार डबे घेऊन ठेवण्यात फायदा नाही. डब्यावरची तारीख वाचा, लागेल तेवढंच घ्या.

चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. चावी लावली की टाकीतला पंप ते पुढं ढकलतो. टाकी उतरवून रिकामी करणं स्वस्त पडतं.

काळीमाती
बोअरच्या पाण्यावरून आठवलं, रेडिएटरला तरी चालतं का ते? इकडं दुसरं पाणी आहे कुठं?

कॉमनरेल_लातूर
नाही चालत. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिसळलेलं. आपल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो तोच आत ईजीआर कूलरला धरतो. आणि ईजीआर कूलर हा बीएस-६ मधला नाजूक भाग : एका बाजूला जळका धूर, दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ पत्रा. थर बसला की पत्रा तडकतो. मग कूलंट कमी होत राहतं, खाली थेंब दिसत नाही, सकाळी पांढरा धूर, आणि सगळे म्हणतात हेड पॅकिंग गेलं. हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर काढून प्रेशर द्या.

दोन रंगांचं कूलंट एकमेकांत ओतू नका. आणि गरम इंजिनाचं झाकण... ते सगळ्यांना माहीत आहे, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडतंच.

वसमत_हळद
एअर फिल्टर. मातीच्या रस्त्याला आणि क्रशरच्या लाईनला पुस्तकातले किलोमीटर धरू नका. हवा मारताना आतून बाहेर, प्रेशर दोन बारच्या आत, नळी चार बोटं लांब. बाहेरून मारली की धूळ कागदात घुसते. मग आत बल्ब धरून अंधारात बघा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर फेका. फिल्टरच्या पुढच्या पाईपात बोट फिरवा, बोटाला बारीक धूळ लागली म्हणजे कडेच्या रबरातून हवा पळतेय. काळ्या मातीची ती धूळ टर्बोची पाती आणि पिस्टन रिंग खाते. आत दुसरा लहान फिल्टर असेल तर तो साफ करायचा नसतो, बदलायचाच. तेल लावलेला चैनीचा फिल्टर नको, हवेच्या सेन्सरच्या तारेवर तेल बसतं.

कापसाच्या हंगामात रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधल्या सापटीत रुई अडकते. समोरून दिसत नाही. घाट चढताना काटा वर जायला लागला की तिथं बघा. पाण्याचा प्रेशर मागून पुढं, हलका; पाती वाकली की हवा जात नाही. आणि वॉशिंगवाल्याला सांगा, इंजिनावर वायरिंगच्या कपलरवर बंदूक धरायची नाही.

मोंढा_ते_मार्केट
लई माहिती मिळाली. स्कॅनर स्वतः घ्यावा का?

नोझल_नांदेड
डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, मोबाईलला जोडणारा साधा स्कॅनर त्यात लागतो. कोड वाचायला आणि चालू आकडे बघायला तो पुरे. पी-००८७ म्हणजे रेलचं प्रेशर कमी : आधी डिझेल फिल्टर बघा, मग पंप. पी-०२९९ टर्बोची हवा कमी : होज. पी-०४०१ ईजीआरचा प्रवाह कमी. पी-२४५२ डीपीएफचं प्रेशर सेन्सर किंवा त्याची वायर. पी-२४६३ काजळी जास्त. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे; कोड कुठं बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही. नुसता पुसला तर परत येतो, म्हणून पुसण्याआधी फोटो काढा.

उभ्या गाडीचं रिजनरेशन, नोझलचे कोड भरणं, सर्व्हिसनंतर ऑईलचा हिशेब शून्यावर आणणं, हे त्या साध्या स्कॅनरनं होत नाही. त्याला त्या गाडीचा स्कॅनर असलेलं गॅरेज लागतं. गाडी घेण्याआधी आपल्या तालुक्यात असं एक तरी गॅरेज आहे का, ते शोधा. माझ्या हिशेबानं बॉनेटखालच्या जागेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. फिल्टर जरा अडचणीत असला तर हात काळा होईल. स्कॅनर ऐंशी किलोमीटरवर असला तर गाडी टोचन करून न्यावी लागेल आणि एक दिवसाचं भाडं बुडेल.

पाना_१३
याला दुजोरा. पहिली वॉरंटीची सर्व्हिस कंपनीतच करा, ऑईलची बिलं जपा. पुढं आपल्या मिस्त्रीकडं केलं तरी डब्याचा दर्जा लिहिलेलं बिल घ्या.

बालाघाट
अजून एक. नवी गाडी आली की हौद्याला कठडे, ताडपत्रीच्या कड्या, मागं बंपर असं वेल्डिंग सगळेच करतात. वेल्डिंगच्या आधी चावी बंद, दोन-तीन मिनिटं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. शक्य असेल तर ईसीयूचे कपलरही. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या अगदी शेजारी लावा, चासीच्या दुसऱ्या टोकाला नाही. वेल्डिंगवाला म्हणेल, रोज करतो, काही होत नाही. त्याला म्हणा, तू कर, पण निगेटिव्ह मी काढतो.

मोंढा_ते_मार्केट
शनिवारी दोन शोरूमला जायलोय. एक नाकाडी, एक सपाट तोंडाची. दोन्हीचे डिझेल फिल्टर, डीपीएफच्या नळ्या आणि ड्रेन बोल्टचे फोटो इथंच टाकतो.

कॉमनरेल_लातूर
इंटरकूलरच्या खालच्या होजचा पण टाका. आणि गाडीखाली वाकायला जुना सदरा घालून जा, काका.